दहा माणसं जमेपर्यंत

माझी निम्मी नोकरी माणसं जमायची वाट बघण्यात गेली. लस टोचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, वेळ लागतो तो माणसं गोळा व्हायला. बीसीजीच्या एका बोटभर बाटलीत दहा बाळांची लस असते. आम्ही तिला व्हायल म्हणतो. एकदा ती फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. गोवराच्या लसीचंही तसंच. त्यामुळे एकच बाळ आलं तर त्याच्या आईला आम्ही सांगतो, आज नाही, गुरुवारी या. ती बिचारी उन्हात आलेली असते, चरफडते, पण गुरुवारी येते. दर आठवड्याच्या बैठकीत कुणाकडे किती लस वाया गेली ते मोठ्याने वाचलं जातं. माझं नाव त्या यादीत कधी आलं नाही, आणि त्याचा मला गर्व होता. आता तो शब्द लिहितानाही कंटाळा येतो.

मी नर्स आहे. भोपाळच्या उत्तरेला, करोंदच्या धान्यबाजाराच्या बाजूला, एका लहानशा आरोग्य केंद्रात काम करते. लग्न केलं नाही, म्हणून आई-बाबांबरोबर आनंद नगरमध्येच राहिले. बाबा साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मोठाले ट्रान्सफॉर्मर बनले की ते बाहेर पाठवण्याआधी तपासायचे, हे त्यांच्या खात्याचं काम. पूर्ण भार देऊन तासन् तास चालवायचा, किती तापतो ते बघायचं, सगळे आकडे नीट आले की मग सर्टिफिकेटवर सही. त्यांची सही लवकर मिळत नाही अशी त्यांची ख्याती होती. वरचे साहेब गाडी दारात उभी करून ओरडायचे आणि बाबा म्हणायचे, ट्रान्सफॉर्मर अजून तापतोय, तुम्ही चहा घ्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच घरात सुरू केलं. नवा मिक्सर आणला तरी पहिले आठ दिवस आईला त्याच्याजवळ जायची परवानगी नव्हती.

साथीच्या पहिल्या वर्षी मी फार थकले. ते प्लास्टिकचे झगे, घरोघरी जाऊन ताप मोजणं, दारं तोंडावर आपटली जाणं, हे सगळं सांगून झालंय आणि लोकांना ऐकूनही कंटाळा आलाय. वर्ष संपता संपता लस आल्याची बातमी आली तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच ठेवून मी रडले. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "दहा महिन्यांत? कुठली टेस्ट गाळली?"

मी चिडले. माझ्या नाकावर राग असतोच, त्यात थकवा. म्हटलं, "बाबा, जगातले एवढे मोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांना कळत नाही का?" ते म्हणाले, "कळतंच. म्हणून तर विचारतोय. एका लसीला दहा-पंधरा वर्षं लागतात असं तूच मला सांगितलं होतंस."

ते मी खरंच सांगितलं होतं. आमच्या जुन्या प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं.

जानेवारीत मला पहिला डोस मिळाला, आम्हा आरोग्यवाल्यांना आधी दिला. दंड दोन दिवस दुखला. बाबा रोज सकाळी माझा ताप मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. मग साठीच्या वरच्यांची पाळी आली आणि आमच्या केंद्रावर टेबल, खुर्च्या, संगणक सगळं मांडून आम्ही बसलो. माणसं येईनात. करोंदकडच्या लोकांना दोष देणं सोपं आहे, पण या शहराने गॅस कारखान्याच्या वेळी एकदा साहेबी हमीवर विश्वास ठेवून पाहिलेला आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मंडीतला एक म्हातारा हमाल मला म्हणाला, "दीदी, हम पे पहले भी बहुत कुछ आज़माया गया है।" मी त्याला माहितीपत्रकातलं वाक्य वाचून दाखवलं, लस पूर्णपणे सुरक्षित आहे. तो हसला आणि गेला.

घरीही मी तेच वाक्य म्हणत होते. पालथ्या घड्यावर पाणी. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे तू बोलत नाहीयेस, कागद बोलतोय."

शेवटी मी आमच्या डॉक्टरांना गाठलं. माझ्या भावाहून लहान मुलगा, पण शिकवायची हौस असलेला. दुपारी केंद्र रिकामंच असायचं. मी त्याला बाबांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्याने केसपेपरच्या पाठीमागे आकृत्या काढून तासभर समजावलं. घरी येऊन मी ते बाबांना सांगायला बसले. आई शेजारी भाजी निवडत होती.

मी म्हटलं, टेस्ट गाळली नाही. पूर्वी एक चाचणी झाली की तिचे कागद जायचे, कुणी तरी ते महिनोन्‌महिने बघायचं, मग पुढच्या चाचणीसाठी पैसे शोधायचे, मग माणसं शोधायची. सगळं झाल्यावर, मंजुरी हातात आल्यावर, लस बनवायचा कारखाना उभा राहायचा. त्या पंधरा वर्षांतली निम्मी तर नुसती वाट बघण्यात जायची. या वेळी एक चाचणी संपायच्या आत दुसरीची तयारी झाली. कागद जसे आले तसे वाचले गेले. आणि लस चालेल की नाही हे कळायच्या आधीच कारखान्यांनी व्हायली भरायला घेतल्या. नसती चालली तर सगळं गटारात.

"म्हणजे ड्रॉइंग मंजूर व्हायच्या आधीच पत्रे कापले," बाबा म्हणाले.

"हो."

"आम्ही एकदा केलं होतं तसं. मोठ्या घाईचं काम होतं. नापास झालं असतं तर सगळं भंगारात." त्यांनी पुढे विचारलं, "पण विषाणू तर नवा होता. त्याचा अभ्यास कधी केला?"

मी सांगितलं, त्याचे भाऊबंद जुने होते. त्यांच्यावर काही लोक वीस-वीस वर्षं काम करत बसले होते आणि कुणी त्यांना विचारत नव्हतं. विषाणूच्या अंगावरचा कुठला काटा शरीराला ओळखायला शिकवायचा, हे त्यांना आधीच माहीत होतं. नव्या विषाणूची सगळी जडणघडण कागदावर उतरली आणि थोड्याच दिवसांत जगभर वाटली गेली. काही लशींमध्ये तर विषाणू भरायचीही गरज उरली नाही, नुसती त्याच्या काट्याची कृती लिहून पाठवायची, बाकीचं काम शरीर करतं. आणि चाचणीला हजारो माणसं आपणहून आली. साथच एवढी होती की लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक दिसायला वर्षं लागली नाहीत.

बाबांनी आईच्या पुढ्यातली थोडी भाजी निवडायला घेतली. मग त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी या लसीचं शरीरात काय होतं, ते मात्र पाच वर्षांनीच कळणार ना?"

माझ्या ओठांवर माहितीपत्रकातलं वाक्य आलं होतं. पण मी फार दमले होते, खोटा उत्साह आणायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "हो बाबा. ते आत्ता कुणालाच माहीत नाही. आजार काय करतो ते माहीत आहे, एवढंच."

"आता खरं बोललीस," ते म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले. त्यांनी कबूल केलं असं मी समजले नाही. त्यांच्या बाबतीत कधीच समजता येत नसे.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. सकाळच्या दोन व्हायली संपल्या होत्या. जेवणानंतर मंडीत तोलाईचं काम करणारा एक माणूस आणि त्याची बायको आली, दोघंही सत्तरीच्या आसपास. या लसीचीही व्हायल दहा जणांची, तीही चार तासांची. मी त्यांना बाकावर बसवलं, म्हटलं, अजून माणसं येऊ द्या. साडेतीनला दारात बाबा उभे.

मला वाटलं, घरी काही झालं. पण त्यांनी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. बाबा जन्मभर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत. हा कुठून काढला कुणास ठाऊक. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्ड. आनंद नगरजवळही केंद्र होतं, चालत जाण्यासारखं. ते तिथे गेले नव्हते. बायपासने दोन रिक्षा बदलून उन्हात करोंदला आले होते. माझ्याशी ते काही बोलले नाहीत, ओळखही दाखवली नाही. रांग नव्हतीच, तरी त्या जोडप्याच्या मागे जाऊन बसले. मला हसू आलं आणि फार बरं वाटलं. सुई घ्यायची तर मुलीच्या हातची, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि ते त्यांनी न बोलता सांगितलं.

आम्ही वाट बघितली. चार वाजले. साडेचार वाजले. आमच्या आशा कार्यकर्त्या ताईंनी गल्लीत दोन चकरा मारल्या, रिकाम्या हाताने परतल्या. तीन माणसं. व्हायल फोडली तर सात डोस जाणार. सोमवारच्या बैठकीत माझं नाव वाचलं जाणार. आणि कुणीतरी म्हणणार, बापासाठी फोडली. डॉक्टर आत होता. मी त्याला विचारलं असतं तर तो बहुधा हो म्हणाला असता. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं मनातही आलं नाही. वर्षानुवर्षं बायकांना परत पाठवायची सवय झालेली, त्याच सवयीने मी उठले आणि त्या जोडप्याला म्हटलं, "सोमवार को आइए। ग्यारह के पहले।" आणि मग बाबांकडे वळून, लोकांसमोर, त्याच सुरात, हिंदीत तेच म्हटलं.

बाबा उठले. "ठीक है सिस्टर," म्हणाले. आधारकार्ड परत पिशवीत घालून ते रिक्षाकडे गेले.

संध्याकाळी घरी त्या विषयाचं नावही निघालं नाही. आईला ते बँकेत जातो सांगून निघाले होते, असं तिच्या बोलण्यावरून वाटलं, म्हणून मीही गप्प बसले. जेवताना बाबा म्हणाले, भरीत छान झालंय.

सोमवारी आमच्याकडे लसच आली नाही. साठा दुसऱ्या केंद्राला गेला. मंगळवारी आली, थोडी. आणि मग दुसरी लाट शहरावर अशी आली की आठवड्याभरात सगळं उलटं झालं. काल ज्यांना हात धरून आणावं लागत होतं ते पहाटेपासून फाटकाशी उभे. धक्काबुक्की, शिव्या. मी बाबांना म्हटलं, "इतक्यात येऊ नका. जवळच्या केंद्रावरही जाऊ नका, ही गर्दी लसीपेक्षा आधी आजार देईल. जरा ओसरली की मी फोन करते." त्यांना हे पटलं. घाईचं काम त्यांना तसंही आवडत नसे.

त्या शनिवारनंतर अठराव्या दिवशी त्यांना ताप आला.

पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे, ज्यांच्याकडे झालं नाही त्यांना सांगून कळत नाही. नऊ दिवस. बस.

मी हा हिशेब किती वेळा केला असेल. पहिल्या डोसाचा उपयोग सुरू व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. अठरा दिवस म्हणजे अगदी काठावर. वाचले असते असं कुणी म्हणू शकत नाही, नसते वाचले असंही नाही. डॉक्टरला एकदा विचारलं तर तो म्हणाला, सिस्टर, एका माणसाचं उत्तर शास्त्राकडे नसतं, हजारांचं असतं. बरोबरच आहे त्याचं. मी रोज गर्दीतून घरी येत होते. आजारही बहुधा मीच आणला असेल. त्या तोलाईवाल्या जोडप्याची नावं मी नंतरच्या याद्यांमध्ये शोधली. सापडली नाहीत. त्यांनी दुसरीकडे घेतली असेल असं मी धरून चालते.

पण सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. साऱ्या जगाने मिळून लसीच्या कामातला वाट बघण्याचा वेळ काढून टाकला, आणि हे मीच बाबांना पटवलं होतं. ते पटून आलेल्या माणसाला मी म्हटलं, सोमवारी या.

काही महिन्यांनी वरून सूचना आली, एक जरी माणूस आला तरी व्हायल फोडा, वाया जाण्याची काळजी करू नका. फोनवर आलेला एका ओळीचा निरोप. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि पुढच्या माणसाच्या दंडाला कापूस लावला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काम तेच आहे, लोक बदललेत. पूर्वी आया मुकाट्याने बाळ पुढे करायच्या. आता गोवराच्या जुन्या लसीलाही विचारतात, कुठल्या कंपनीची, किती दिवस तपासली, त्यात ते नवीन तंत्र आहे का. पहिल्यांदा मी वैतागायचे. आता बसवून सांगते. एवढं सांगूनही निम्म्या जणी दुसऱ्या दिवशी नवऱ्याने नको म्हटलं म्हणतात. प्रशिक्षणात आम्हाला दाखवतात की तीच कृती पाठवण्याची पद्धत वापरून आता कर्करोगावर प्रयोग चाललेत, पुढची साथ आली तर लस आणखी लवकर येईल. येईल, माझा विश्वास आहे. शेवटच्या टेबलावर कोण बसलेलं असेल, एवढंच माझ्या मनात येतं, आणि मी वहीत काहीतरी खरडत राहते.

घरात मात्र एक गोष्ट पक्की झाली होती. कुणी भेटायला आलं, विषय निघाला, की आई म्हणायची, "ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही हो. हट्टी होते. घरात नर्स असून लस घेतली नाही." ऐकणारे मान हलवायचे. जुनी माणसं, म्हणायचे. मी तिथे बसलेली असायचे. पहिल्या वेळी मी बोलायला हवं होतं. पहिल्या वेळी गप्प बसलं की दुसऱ्या वेळी बोलणं अवघड होतं, आणि पुढे ते अशक्यच होऊन बसतं. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक गोष्ट तपासून मगच सही केली, तो माणूस माझ्या तोंड मिटून बसण्यामुळे अडाणी ठरत होता.

गेल्या महिन्यात रविवारी पुण्याहून भाचीचा, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचा, फोन आला. ती जैवतंत्रज्ञान शिकते. फोन स्पीकरवर होता, मी आणि आई मेथी निवडत होतो. तिला कॉलेजात बोलायचं होतं, साथीने लसीचं शास्त्र कसं बदललं यावर, आणि शेवटी लोकांच्या भीतीबद्दल. म्हणाली, "आत्या, त्यात मी आजोबांचं उदाहरण घेऊ? नाव नाही घेणार. म्हणजे शिकलेला, टेक्निकल माणूस असूनही विज्ञानावर विश्वास नव्हता, असं."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, "नको घेऊस. तुझे आजोबा आले होते."

"कुठे?"

"माझ्या केंद्रावर. लस घ्यायला. सगळं विचारून, समजून घेऊन आले होते. माणसं कमी होती म्हणून मी व्हायल फोडली नाही. मी त्यांना परत पाठवलं."

बाकीचंही सांगितलं. मी त्यांच्याशी हिंदीत बोलले तेही. ती लहान नाही, मधे न तोडता तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजी तर नेहमी..." आणि थांबली. मी म्हटलं, आजीला माहीत नाही. नंतर बोलू म्हणून मी फोन ठेवला. आईकडे बघायची हिंमत नव्हती.

आई मेथी निवडत होती. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांनी. तू यायच्या आधी."

मी म्हटलं, "मग सगळ्यांना ते हट्टी होते असं का सांगत आलीस?"

"लोक विचारणारच होते, घरात नर्स असून कसं काय. काहीतरी सांगायला लागणार होतं. ते गेले, त्यांना आता कोण काय म्हणतं याने काय होतं? तुला दुसऱ्या दिवसापासून त्याच खुर्चीत बसायचं होतं."

मी विचारलं, बाबा रागावले होते का. ती म्हणाली, "छे. उलट खूश होते. म्हणाले, मुलगी नियमाला पक्की आहे. माझ्यासाठी तिने बाटली फोडली असती तर मला आवडलं नसतं."

तिने निवडलेली पानं टोपलीत टाकली आणि पुढची जुडी सोडली.

"मला आवडलं असतं," आई म्हणाली.